कंसातलं गाव

बीदरजवळच्या नौबादच्या मराठी हायस्कूलच्या ऑफिसात दीपमाला एकवीस वर्षं लिपिक होती, आणि या एकवीस वर्षांत दाखल्यावर गावाचं नाव लिहिताना तिनं कंस कधी गाळला नव्हता. बीदरकडे एकाच नावाची दोन दोन गावं फार. थोरलं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. सरकारी कागदात बुद्रुकचा झाला बी, खुर्दचा झाला के, आणि ही अक्षरं गावाच्या नावापुढं कंसात जाऊन बसली. कंस लिहायचा राहिला की एका पोराची शिष्यवृत्ती भलत्याच गावच्या पोराच्या नावात अडकून पडते, हे तिनं पाहिलेलं होतं. त्यामुळं ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात ती त्याला हेच शिकवायची. हेडमास्तर तिला गमतीनं कंसबाई म्हणत.

तिचं स्वतःचं माहेर कुणी विचारलं, तर मात्र ती नुसतं 'धनोरा' सांगायची.

खरं म्हणजे ते धनोरा खुर्द. औराद तालुक्यात, बुद्रुक मागं टाकून ओढा ओलांडला की शंभर-सव्वाशे घरं. छप्पन्ननंतर चार-पाच वर्षांत अख्खी वस्ती बौद्ध झाली, पुढं विहार बांधलं, पोरं शिकली, दोघं-तिघं मास्तर झाले. पण त्या भागात 'खुर्द' म्हटलं की ऐकणाऱ्याला आणखी काही विचारावं लागत नसे. आडनाव नको, बाप काय करतो ते नको. तेवढा एक शब्द कानावर पडला की त्याच्याजवळ उत्तर तयार असायचं, आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं.

बी.ए.ला ती बीदरला आली तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत विजयश्री नावाची औरादकडचीच मुलगी होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, धनोरा म्हणजे कुठलं, बुद्रुक का खुर्द. दीपमाला खाली बसून ट्रंकेचं कुलूप काढत होती. "धनोराच की," ती म्हणाली, आणि मान वर केली नाही. विजयश्रीनं ते बुद्रुकच असं धरलं आणि घरून आणलेल्या शेंगाच्या पोळ्या पुढं केल्या. तीन वर्षं दोघी एका ताटात जेवल्या. दीपमालाच्या हिशेबी ती खोटं काही बोललेली नव्हती, फक्त निम्मं नाव गिळलं होतं. पुढं भाड्याची खोली बघताना, बँकेत, शेजारणींत, सगळीकडं ते निम्मंच पुरलं. असं वर्षानुवर्षं केल्यावर घरातसुद्धा जीभ दुसरीकडं वळेना. सुट्टीत लेकीला घेऊन निघाली की म्हणायची, चल, धनोऱ्याला जाऊ. बुद्रुकला तिच्या घरात नावच नव्हतं. ते नुसतं 'रस्त्यावरचं गाव' होतं, जिथं बस थांबायची आणि जिथून खाली बघत भराभर चालत जायचं.

लेक स्नेहल. नवरा प्रेमानंद वीज खात्यात लाइनमन होता, तो स्नेहल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेला. तेव्हापासून दीपमालाची सगळी काळजी या एका पोरीवर येऊन बसली. स्नेहलला कलबुर्गीत नोकरी लागल्यावर ती दिवसातून तीनदा फोन करायची. जेवलीस का, पोचलीस का, दार लावलंस का. पोरगी चिडायची. चिडली तरी तिचा आवाज ऐकू आला म्हणून दीपमालाला बरं वाटायचं.

स्नेहलची कंपनी म्हणजे बारा माणसं आणि मालक सिद्धलिंगप्पा. त्यांना बीदर-कलबुर्गीकडच्या पंचायतींसाठी पाण्याचा एक प्रोग्राम करायचं काम मिळालं होतं. गाव आणि बोअरचा नंबर टाकला की पाणी पिण्यासारखं आहे का नाही ते मोबाइलवर दिसायचं. हिरवं म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. स्नेहलवर त्याचा मोठा भाग सोपवला होता, आणि एका रविवारी घरी आल्यावर शेवया खाता खाता ती आईला समजावून सांगायला लागली.

"तुझ्याकडं एकच पोरगं बोनाफाईड मागायला महिन्यात चारदा येतंय. चारी वेळा जनरल रजिस्टर काढतीस का तू?"

"कामून काढू? पहिल्या वेळची झेरॉक्स ठेवते फाईलला. तीच देते."

"बास, माझा प्रोग्राम बी तेच करायलाय. पहिल्यांदा कुणी विचारलं की लॅबच्या मशीनमधून चार वर्षांचे रिपोर्ट मागवायचे, बेरजा-भागाकार करायचे. त्याला दीड मिनिट लागतंय. मग ते उत्तर ठेवून द्यायचं. दुसऱ्यानं तेच विचारलं की ठेवलेलं काढून द्यायचं. कॅशे म्हणतेत त्याला."

"आन कोणती फाईल काढायची ते कसं कळतं त्याला?"

स्नेहल हसली. आईनं बरोबर गाठीवर बोट ठेवलं होतं. फाईलच्या पाठीवर काय लिहायचं, सगळी मेख तिथंच, असं ती म्हणाली. विचारणाऱ्यानं जे जे दिलं, गावाचं नाव आणि बोअरचा नंबर, ते एकापुढं एक जोडून अक्षरांची एक सलग माळ करायची. धनोरा-३. ही झाली किल्ली. प्रश्न वेगळा असला तर किल्ली वेगळी झाली पाहिजे, आणि प्रश्न तोच असला तर किल्ली तीच. बाकी काही नाही.

आपणच जे काम करतो तेच पोरगी मोठ्या मशीनवर करते आहे, असं दीपमालाला त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं ते दोघांना सांगितलंही.

पण काम सुरू झाल्यावर त्या किल्ल्यांनी स्नेहलचा जीव घेतला. पंचायतीतले ऑपरेटर गावाचं नाव मनाला येईल तसं टाकायचे. कुणी धनोरा, कुणी धन्नोरा, कुणी कानडी वळणानं धन्नूर, कुणी मध्ये जागा सोडून, कुणी टिंब देऊन, कुणी कंसात तालुक्याचं नाव घालून. मशीनला यातलं प्रत्येक नाव म्हणजे नवं गाव. नवी किल्ली, म्हणून ठेवलेलं उत्तर सापडायचं नाही, आणि परत दीड मिनिट. पंचायतींतून तक्रारी यायला लागल्या. सिद्धलिंगप्पा सगळ्यांसमोर म्हणाले की हा प्रोग्राम आहे का बैलगाडी. पंधरा दिवस स्नेहल नीट जेवली नाही. मग एका रविवारी तिचा फोन आला, आवाज मोकळा.

"झालं आई. आता कसं बी लिहू दे, एका गावाची एकच किल्ली. स्पेलिंगा एकसारख्या केल्या, टिंबं काढली, मोकळ्या जागा काढल्या, कंसातलं सगळं उडवून टाकलं."

दीपमाला तेव्हा सुपात ज्वारी निवडत होती. कंस हा शब्द तिच्या कानावर पडला होता. ऑफिसात कुणी हे म्हटलं असतं तर ती खुर्चीवरून उठली असती. पण पोरगी पंधरा दिवसांनी हसून बोलत होती. "बरं केलंस माय," ती म्हणाली. "आता जेवण कर."

पाचेक महिन्यांनी धनोऱ्याहून धम्मानंदचा फोन आला. धम्मानंद तिचा धाकटा भाऊ, घरची तीन एकर करणारा. खुर्दच्या बोअरचं पाणी आधीपासून मचूळ, त्यामुळं प्यायचं पाणी बुद्रुकच्या पंचायतीच्या नळावरून आणावं लागे. नळ सगळ्यांचाच, पण खुर्दच्या घागरी शेवटी. आता मोबाइलवर खुर्दचा तीन नंबरचा बोअर हिरवा दिसत होता. धम्मानंद सांगत होता की आपलं पाणी चांगलं निघालं, आता कुणाच्या नळावर उभं राहायला नको. त्याच आठवड्यात बुद्रुकचा पंचायत अध्यक्ष आप्पाराव म्हणाला होता की तुमचं हिरवं आलंय तर इकडं कशाला येता. बुद्रुकहून ओढ्यापलीकडं पाइपलाइन न्यायचं ठरलेलं होतं. लाल गावं आधी घ्यायची म्हणून ती खुर्दच्या नावावरून निघाली आणि दुसऱ्या एका वस्तीला गेली. धम्मानंदला त्याचं वाईट वाटलं नाही. वस्तीत त्या दिवशी जिलेबी वाटली होती. आपल्या भाचीच्या मशीननं सांगितलं, हे तो सगळ्यांना सांगत फिरला.

या गोष्टीला चार वर्षं झाली.

धम्मानंदची नात आम्रपाली सात वर्षांची. तिचे आईबाप हैदराबादला कामाला, पोरगी आजी-आजोबांपाशी. दुधाचे दात पडून तिचे पुढचे नवे दात आले, ते खडूसारखे पांढरे आणि मध्ये मातकट पिवळे पट्टे असलेले. पोरगी हसताना ओठ मिटून घ्यायला लागली. धम्मानंद तिला घेऊन बीदरला आला आणि दीपमाला रजा टाकून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीण तरुण होती. तिनं दात बघितले, दातांबद्दल काहीच विचारलं नाही, पाणी कुठलं पिता ते विचारलं. बोअरचं, म्हटल्यावर म्हणाली की हे फ्लोराइडचं आहे, पाण्यातून जातं, दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच बसतं, म्हणून घासून निघत नाही. मोठेपणी वरून काही लावता येईल, पण पाणी आत्ता थांबवा, पुढं हाडं धरतात. धम्मानंदनं खिशातून मोबाइल काढला आणि हिरवा रंग दाखवला. डॉक्टरीण म्हणाली, तुमचं मशीन काय म्हणतं ते मला माहीत नाही, हे दात मला माहीत आहेत.

दीपमालानं दवाखान्याच्या पायरीवरूनच स्नेहलला फोन लावला. स्नेहलनं बोअरचा नंबर विचारला, मग गाव पुन्हा विचारलं, मग थांब म्हणाली. बराच वेळ नुसती बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला. फोन न ठेवताच ती म्हणाली, मी उद्या घरी येते.

आली ती सकाळच्या बसनं. पाठीवरची बॅगही न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली.

"आई, मामाचं धनोरा खुर्द हाय का?"

"व्हय."

"आन बुद्रुक वेगळं हाय?"

"ते रस्त्यावरचं. बस थांबते ते."

"मला कामून कधी सांगितलं न्हाईस?"

"तू कधी विचारलं न्हाईस," दीपमाला म्हणाली, आणि गॅस बारीक करायला वळली.

मग स्नेहलनं सगळं सांगितलं. यादीत धनोरा (बी) आणि धनोरा (के) अशी दोन नावं तिनं पाहिली होती. सीमेपलीकडं महाराष्ट्रातही धनोरा आहे, तेव्हा बी म्हणजे बीदर आणि के म्हणजे कर्नाटक, एकाच गावाच्या या दोन खुणा, असं तिनं धरून चाललं. तिच्या डोक्यात धनोरा एकच होतं. लहानपणापासून ऐकलेलं. कंस उडवल्यावर दोन्ही गावांच्या तीन नंबरच्या बोअरची किल्ली एकच झाली. दर महिन्याच्या एक तारखेला जुनी उत्तरं पुसली जायची. पंचायतीचं ऑफिस बुद्रुकला, तिथला ऑपरेटर त्या दिवशी सकाळी दहाला मशीन उघडून आधी आपलं गाव बघायचा. बुद्रुकचं उत्तर तयार होऊन ठेवलं जायचं. मग खुर्दचं विचारलं की मशीन तेच काढून हातात ठेवायचं. खुर्दच्या पाण्याचे खरे रिपोर्ट लॅबमध्ये चार वर्षं पडून होते. लिटरमागं फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं तिथं तीन पॉइंट चार. कुणी ते उघडलेच नव्हते, कारण विचारायची पाळीच आली नाही. अशा आणखी दहा जोड्या होत्या. सगळ्या मिळून सात ठिकाणी धाकट्या गावाला थोरल्याचं उत्तर जात होतं.

"एका ओळीचं काम हाय," स्नेहल म्हणाली. "नावाच्या जागी गावाचा सरकारी नंबर घालायचा. रात्रीच केलं मी. आता लाल दिसायलंय."

दीपमाला ऐकत होती. भाजी खाली लागल्याचा वास आला तरी ती हलली नाही. वसतिगृहातली ट्रंक, शेंगाच्या पोळ्या, नुसतं धनोरा. पोरीनं मशीनला जे शिकवलं ते आपल्याकडूनच घेतलं, हे तिला दिसत होतं. सांगावं म्हणून तिनं तोंडही उघडलं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि पोरीच्या नजरेत आपण लहान होऊ अशी भीती वाटली. ती म्हणाली, पोळी करते, जेवून घे.

सिद्धलिंगप्पांनी दुरुस्ती मान्य केली. पुढचं मान्य केलं नाही. स्नेहलचं म्हणणं असं की नुसता रंग बदलून चालणार नाही, लोकांना वाटेल पाणी या महिन्यात बिघडलं. चार वर्षं चुकीचं उत्तर गेलं, त्यावरून पाइपलाइनी हलल्या, हे सातही पंचायतींना आणि जिल्ह्याला लिहून कळवायला पाहिजे. ते म्हणाले, असलं पत्र गेलं की काम जाईल आणि बारा घरांची चूल. रंग खरा दाखवतोय ना, विषय संपला. ते वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांनी खुर्ची ओढून तिला बसायला दिली होती.

स्नेहलनं पत्र लिहिलं, स्वतःच्या नावानं, आणि पाठवायच्या आधी घरी येऊन आईला वाचून दाखवलं. दीपमालानं ते दोनदा ऐकलं. पत्रात एकही शब्द चुकीचा नव्हता. त्याचाच तिला धाक वाटला.

"थांब जराशी," ती म्हणाली.

"कामून?"

"दुसऱ्याची चूक झाली की चूक म्हणतेत. आपली झाली की म्हणतेत, कोट्यातली इंजिनिअर, दुसरं काय होणार. जन्मभर तेच तुझ्या नावापुढं चिकटवतील. मला ठाऊक हाय. धम्मचक्र दिन होऊन जाऊ दे. मग धाड."

"आई, पोरं पाणी प्यायलीत ते."

"चार वर्षं प्याली. आणखी चार दिवसानं काय व्हतंय?"

हे वाक्य बाहेर पडलं आणि परत घेता येईना. स्नेहलनं लॅपटॉप मिटवला. आईचा शब्द तिनं मोडला नाही. वडील गेल्यापासून तिनं तो कधीच मोडलेला नव्हता. धम्मानंदला दीपमालानं फोनवर एवढंच सांगितलं की बोअरचं पाणी पिऊ नका, मशीनमध्ये काही घोटाळा आहे, येऊन सांगते. तो म्हणाला, मग कोणतं पिऊ, आक्का. ती म्हणाली, बघू.

चार दिवसांचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी स्नेहलनं न विचारता पत्र धाडलं आणि आईला नंतर कळवलं. त्याच संध्याकाळी सिद्धलिंगप्पांनी तिला घरी जाऊन महिनाभर विश्रांती घ्यायला आणि दरम्यान दुसरं काही बघायला सांगितलं.

त्या शनिवारी दोघी औरादच्या बसमध्ये बसल्या. आधार कार्ड दाखवून बायकांचं फुकटचं तिकीट घेतलं. बुद्रुकला उतरून दोघी आधी पंचायतीत गेल्या. आप्पाराव टेबलामागं बसला होता, पांढरा सदरा, समोर स्नेहलच्या पत्राची प्रत. त्यानं त्यांना खुर्च्या द्यायला लावल्या. पत्र कानडीत होतं, तो मराठीत बोलत होता.

"ताई, तुम्ही लिहिलंय ते समदं खरं असंल. पण आमी मशीन बघूनच केलं. मशीननं हिरवं म्हणलं, आमी हिरवं म्हणलो. त्यात माझं काय चुकलं सांगा."

स्नेहल म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही. पाइपलाइनचं काय ते सांगा.

त्यानं कपाटातून एक कागद काढला. नव्या योजनेची यादी होती. खुर्दचं नाव घालायचं असतं तर आधार म्हणून असलाच कागद लागला असता, तो म्हणाला, नुसत्या तोंडानं वर कुणी ऐकत नाही. "पण यादी सोमवारी वर गेली. तुमचं पत्र आलं बुधवारी. दोन दिवस आधी आलं असतं तर म्या स्वतः घेऊन गेलो असतो. आता पुढली यादी दोन वर्सानं, ती बी निघाली तर."

खोलीत पंखा फिरत होता. स्नेहलनं आईकडं बघितलं नाही. एकदाही नाही. तिनं पत्राची घडी नीट केली, टेबलावर ठेवली, आणि शांतपणे विचारलं की तोवर खुर्दच्या लोकांनी पूर्वीसारखं इथल्या नळावर यावं का. आप्पाराव म्हणाला की नळ पंचायतीचा आहे, त्यानं कुणाला नाही म्हटलेलं नाही. पण चार वर्षांत सवय मोडली, नळावर आता गर्दी वाढली, बाया कटकट करतील. बघा तुम्हीच.

निघताना त्यानं दीपमालाला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"खुर्दची," ती म्हणाली. "धनोरा खुर्दची. धम्मानंद माझा भाऊ."

तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं तो शब्द अनोळखी माणसासमोर उच्चारला होता. काहीतरी होईल असं तिला वाटलं. आप्पारावनं नुसती मान हलवली, दारात आली तेव्हाच त्याला ते कळलेलं असावं तशी, आणि दुसरा कागद पुढं ओढला.

ओढ्याला पाणी नव्हतं. दोघी पलीकडं गेल्या. बोअरच्या पंपावर पंचायतीच्या माणसानं सकाळीच लाल रंगाचा फराटा मारून ठेवला होता, अजून ओला होता. त्याला अंग लागू नये म्हणून बाया वाकड्या उभ्या राहून घागरी भरत होत्या. एकीनं स्नेहलला ओळखलं, जयभीम केला, आणि विचारलं की लाल म्हणजे नेमकं किती दिवस.

धम्मानंदच्या ओसरीवर दहा-बारा माणसं जमली. स्नेहलनं मांडी घालून सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हणाली. कंस, किल्ली, दोन गावांचं एकच उत्तर. कुणी तिला बोललं नाही. ते बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. एक म्हातारा म्हणाला की पोरी, तू सांगायला आलीस, तिथल्या ऑफिसातलं कुणी आलं नसतं. मग लोक आपसांत बोलायला लागले. बुद्रुकच्या नळावर जायचं तर बाया नको म्हणत होत्या. पुन्हा त्या रांगेच्या शेवटी नको. टँकर मागवावा, असं कुणी म्हणालं. टँकर कुणाच्या नावावर, असं दुसरं कुणी म्हणालं. हळूहळू एकेक जण उठून गेला.

माणसं गेल्यावर दीपमाला भावाजवळ सरकून बसली. आता तरी सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. स्नेहल ऐकत होती तरी सांगितलं. की पोरीनं हे माझ्यापासून घेतलं. मी कुठंही गेले तरी खुर्द म्हणायची नाही, घरातसुद्धा नाही, म्हणून तिला दोन गावं आहेत हेच ठाऊक नव्हतं. आणि पत्रही मीच अडवून ठेवलं.

धम्मानंद खालच्या फरशीवरची माती बोटानं गोळा करत होता.

"त्यात काय, आक्का. आम्रपालीला शाळंत कुणी विचारलं तर ती बी नुसतं धनोराच म्हणती. म्याच शिकवलंय तिला."

स्नेहल उठून आत गेली. आत चुलीपाशी धम्मानंदची बायको, पार्वतीबाई, चहाचं पातेलं घेऊन उभी होती. पाणी ओतलेलं होतं.

"उकळलं की जातंय न्हवं ते?" तिनं विचारलं.

"न्हाई मामी," स्नेहल म्हणाली. "उकळून उलट वाढतंय."

पार्वतीबाईचा हात पातेल्यावरच राहिला. "मग कशाचा ठेवू?"

घरात दुसरं पाणी नव्हतं. बुद्रुकहून आणायचं तर जाऊन येऊन तास गेला असता. दीपमाला दारात येऊन उभी राहिली होती. माहेरच्या घरी येऊन पाणी नको म्हणणं तिला जमण्यातलं नव्हतं. या घरचं पाणी नको म्हणणारे कोण असतात, ते इथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"ठेव की," ती म्हणाली. "साखर जरा कमी घाल."

चहा झाला. चौघांनी ओसरीवर बसून घेतला. स्नेहलनं कप दोन्ही हातांत धरून एकदम संपवला, औषध घ्यावं तसा. चांगला झालाय, दीपमाला म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. एवढ्यात आम्रपाली बाहेरून खेळून आली, घामानं चिंब. आत्याआजीला बघून तिनं ओठ मिटून हसू केलं. मग आत गेली, माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि भरलेला पेला घेऊन ती परत ओसरीवर येऊन बसली. घटाघट प्यायला लागली. चौघांनीही तिच्याकडं बघितलं. पेला तिच्या हातातून कुणी काढून घेतला नाही.